नाव न घेता

पहिले दोन तास काहीच दिसत नाही.
हे आधी कुणी सांगत नाही.
दिसतात फक्त स्वतःचे बूट,
मुळांवरून घसरणारे,
आणि वाटेच्या कडेला पानांवर उभ्या राहून
हवेत चाचपडणाऱ्या जळवा,
अंधारात दाराची कडी शोधावी तशा.

अजांग पुढे.
साठीचा असेल, किंवा पंचाहत्तरीचा.
बाजारातले सगळ्यांत स्वस्त काळे रबरी बूट,
कमरेला कोयता,
पाठीवर वेताची करंडी, तिच्यात तंबू माझाच.
तो कशाकडेच बोट दाखवत नाही.
खालचा ओठ किंचित पुढे काढतो
आणि मी त्या ओठाच्या रेषेत बघते :
पान. पान. पान.
मग त्यातलं एक पान उडून जातं.

धनेश मात्र आधी ऐकू येतो.
लोहाराचा भाता डोक्यावरून जावा
तसे पंख.
"एकटाच आहे," अजांग म्हणाला,
आणि बराच वेळ वर बघत राहिला,
दुसऱ्या भात्याची वाट पाहत.

ओढ्यावर पाणी पिताना त्यानं न विचारताच सांगितलं,
तरुणपणी दोन वर्षं
लाकूड कंपनीचा ट्रॅक्टर चालवला म्हणून.
किती झाडं, मी विचारलं नाही.
मोजली असावीत त्यानं.
बाटलीचं झाकण तो जरुरीपेक्षा जास्त वेळ फिरवत होता.

दुपारी कधीतरी
फणस फोडावा तसा आवाज.
अजांगचा ओठ पुढे आला
आणि तसाच राहिला.

पडलेल्या ओंडक्यावर
पाय पसरून बसलेलं, कुत्र्याएवढं, काळं.
नखांनी साल सोलत होतं
आणि माझ्या पंजापेक्षा लांब जीभ
भोकात घालून मध काढत होतं.
छातीवर पिवळा पट्टा,
कुणी घाईत हळदीचा हात पुसावा तसा.
माश्या तोंडावर बसलेल्या. त्याला फिकीर नव्हती.

मग वारा फिरला.
त्यानं मान वर केली.
त्याला नीट दिसत नाही म्हणतात;
मग ते माझ्याकडे बघत होतं
की माझ्या घामाकडे, गेल्या आठवड्याच्या साबणाकडे,
विमानातल्या कॉफीकडे?
कॅमेरा गळ्यात होता.
तो गळ्यातच राहिला.

गेलं ते. घाईनं नाही.
पंगतीत कुणी थोडं सरकून घ्यावं
तेवढंच बाजूला झालं, आणि तेवढ्यात दिसेनासं.

मला मलय भाषेतले दहा शब्द येतात.
त्यातला एक याच जनावराचा,
पुस्तकातून पाठ केलेला.
तो तोंडातून निघणार
तोच अजांगनं माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली.
जंगलात असेपर्यंत नाही.

हे मात्र मला दुभाष्याशिवाय कळलं.
आमच्याकडेही दिवेलागणीनंतर साप नसतो,
लांबडं असतं.
आणि निघताना कुणी जाते म्हणत नाही.

वाटेला फाटा फुटतो तिथं
त्यानं एक काठी तासून जमिनीत रोवली,
फटीत दोन पानं दुमडून खोचली.
मागून येणाऱ्यांसाठी निरोप.
काय लिहिलंस, विचारलं.
"दोन माणसं. एक हळू चालते."
आणि ते तिसरं?
ओठ पुन्हा पुढे आला, मागच्या झाडाकडे :
खोडावर पाच खोल ओरखडे,
माझ्या डोक्याहून उंच, डिंक अजून ओला.
आपलं ते स्वतः लिहितं.

तळावर त्याच्या सुनेनं, तिपोंगनं,
रानसाबुदाण्याची खळ शिजवून ठेवली होती.
दोन दातांच्या काडीवर गुंडाळून खायची.
उपवास नसताना साबुदाणा खाताना
मला उगाच चुकल्यासारखं वाटलं.
तिपोंगचा मुलगा गुडघ्याला गुडघा लावून बसला :
काय दिसलं? काय दिसलं?
मोज्यातून रक्त झिरपत होतं, जळू केव्हाच जेवून गेलेली.
चुलीपलीकडून अजांग माझ्याकडे बघत होता.
शब्द जिभेवर आलेलाच होता.
काडीभोवती एक वेढा आणखी घेतला,
गरम होतं,
तसंच गिळलं.